डाव्या अंगाचं

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते, तिथं नवी बॅच सुरू झाली की मुलांना एक भाषण द्यावं लागतं. विषय ठरलेला असतो: अभ्यासातली चालढकल कशी थांबवायची. हे भाषण दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, कारण बाकीचे सर ‘पुढच्या वर्षी मी देतो’ असं म्हणत आलेले आहेत. आता मला ते पाठच झालंय. चालढकल करणारं पोरगं आळशी असतंच असं नाही, इथून मी सुरुवात करते. मुलं लगेच सावरून बसतात. तोवर घरीदारी सगळ्यांनी त्यांना आळशीच म्हटलेलं असतं.

मग मी त्यांना हिमायतनगरकडून आलेल्या एका मुलीबद्दल सांगते. ती पहाटे उठायची, खोली झाडायची, मैत्रिणींचे कपडेसुद्धा धुऊन टाकायची. जीवशास्त्राचे सगळे धडे तिचे तयार. फक्त भौतिकशास्त्राचं पुस्तक ती उघडत नव्हती. ‘मॅडम, आधी एवढं संपवते, मग निवांत ते घेते,’ हे तिचं पालुपद. ती एवढी राबायची की तिला आळशी म्हणायची कुणाची छाती झाली नसती. पुस्तक उघडलं आणि आपल्याला ते जमत नाही हे कळलं तर काय करायचं, ह्या एका भीतीपायी ती दिवसभर बाकीची कामं उपसत होती. हे ऐकून मुलं आधी हसतात, मग एकेक जण खाली वहीकडं बघू लागतो.

ही समज मला पुस्तकातून आलेली नाही. ती माझ्या वडिलांकडून आली. आणि गंमत अशी, की माझ्या वडिलांइतका वेळेचा पक्का माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आमचं मूळ गाव किल्लारीजवळ, शेती तिकडंच, ती काका बघतो. अण्णांची नोकरी मात्र नांदेडला, म्हणून आमचं बिऱ्हाडही नांदेडला. आमच्या गल्लीत अण्णा ड्युटीला निघाले की बायका दुधाचं पातेलं गॅसवर चढवायच्या, घड्याळ बघायच्या नाहीत. लग्नाला ते मांडव घालणाऱ्यांच्या आधी पोचायचे आणि मग माझ्या आईचा, म्हणजे मायचा, जीव मेटाकुटीला यायचा. ‘नवरीची आंघोळ व्हायचीय अजून, आन् हे अक्षता घेऊन उभे,’ असं ती सगळ्यांना सांगत सुटायची. सांगताना तिला अभिमान वाटतोय हे लपत नसे.

अण्णांच्या वाट्याला पुष्कळदा मुक्कामी गाडी यायची. म्हणजे संध्याकाळी गाडी एखाद्या आडगावी जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी माणसं घेऊन निघायची. हिमायतनगरच्या पुढं माझ्या मावशीच्या गावी अशी गाडी होती. शाळेला सुट्टी लागली की मी अण्णांच्या मागच्या बाकावर बसून मावशीकडं जायची आणि येतानाही त्यांच्याच गाडीनं परत यायची.

त्या गावाची तऱ्हा मी विसरणार नाही. पहाटे गाडी पाराजवळ उभी असायची. दवाखान्याला जाणारे, हदगावच्या बाजाराला जाणारे, कोर्टात तारीख असलेले, सगळे जागे असायचे आणि कुणीच तयार नसायचं. हॉर्न वाजला की घराघरातून उत्तर यायचं, ‘यायलो, यायलो!’ यायचं मात्र कुणी नाही. कुणाचं दूध काढायचं राहिलेलं, कुणाची चप्पल सापडत नाही. बाकीचे ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालत बसायचे. अण्णा तसलं काही करत नसत. ते इंजिन सुरू करून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचे आणि पारापासून वेशीपर्यंत माणसाच्या चालीनं नुसती सोडायचे. दार उघडं असायचं. कंडक्टरही त्यांना सामील असायचा. चाकं हलली की सगळं गाव दारातून बाहेर पडायचं. पदर खोचत बाया धावायच्या, टोपी हातात घेऊन बाप्ये धावायचे, आणि वेशीशी गाडी पोचेतो सगळे आत बसलेले असायचे. एखादी म्हातारी मागं राहिली तर वेशीपाशी गाडी तिच्यासाठी थांबायची. तिला टाकून ते कधीच गेले नाहीत.

‘अण्णा, हॉर्न का वाजवत नाही तुम्ही?’ मी विचारलं होतं.

‘हॉर्ननं माणूस जागा होतो बाई, उठत न्हाई,’ ते म्हणाले. ‘तयार झालो की निघू म्हणतात लोक. तयार कोणीच होत नसतं. गाडी हालली की मग होतात.’

हे वाक्य मी माझ्या भाषणात वापरते. हिमायतनगरच्या त्या मुलीलाही मी तेच सांगितलं होतं. धडा समजून घेऊ नकोस, पाठ करू नकोस, फक्त पहिलं पान उघडून मोठ्यानं वाच आणि पुस्तक मिटून टाक. ती माझ्यासमोर बसली आणि तिनं ते पान वाचून काढलं. पुढं तिचं गाडं रुळावर आलं. तर असे आमचे अण्णा, गावंच्या गावं हलवणारे. ते स्वतःच कुठं तरी अडून बसतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ते निवृत्त झाले, आणि काही वर्षं बरी गेली. मग हळूहळू घरात बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. मी लातूरला असल्यामुळं त्या मला मायकडून फोनवर कळायच्या. ‘तुझे अण्णा आजकाल फाटकाला खांदा घासून येतात,’ ती म्हणायची. ‘शर्टाची डावी बाही फाटली.’ मग एकदा म्हणाली, ‘स्कूटर देऊन टाकली काकाच्या पोराला. चालणं तब्येतीला बरं असतं म्हणे.’ आयुष्यभर बसून काम केलेल्या माणसाला चालावंसं वाटलं, ह्यात मला वावगं काही दिसलं नाही.

सणाला घरी गेले तेव्हा मात्र पानावर बसल्यावर मला एक गोष्ट खटकली. आपल्याकडं पान वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डाव्या अंगाला, भाज्या उजव्या अंगाला. माय ह्या बाबतीत फार कडक. लहानपणी मी चटणी उजवीकडं वाढली म्हणून तिनं पान परत उचलायला लावलं होतं. आणि त्या दिवशी तिनं स्वतः अण्णांच्या पानात चटणी, लोणचं, सगळं उजवीकडं भाजीच्या शेजारी वाढलं. डावी बाजू रिकामी. मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

नंतर भांडी घासताना ती सांगू लागली. ‘रोज इचारायचे, लोणचं न्हाई का वाढलं? आन् लोणचं पानातच असायचं. एकदा म्हणलं, हे काय डोळ्यापुढं. तर असे शरमले बाई, की जेवण टाकून उठले. मग म्या लोणचंच इकडं आणलं.’ एवढं बोलून ती तवा घासत राहिली. ज्या बाईनं रीत मोडल्याबद्दल पोटच्या पोरीला बोल लावला होता, तिनं नवऱ्याची लाज राखायला तीच रीत कुणाला न सांगता मोडली होती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि काळजीही वाटली. मी जीवशास्त्र शिकवते. कडेची नजर जाणं म्हणजे काय असू शकतं हे मला माहीत होतं. काचबिंदू हा शब्द मी मनात आणला आणि लगेच परत ढकलला. तो खरा असेल तर नजर रोज आतून पोखरली जात असणार, आणि गेलेला भाग परत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दवाखान्याचं बोलले. ते शांतपणे म्हणाले, ‘जाऊ की. पोळा होऊ दे.’

पोळा झाला. मग महालक्ष्म्या आल्या. महालक्ष्म्या गेल्यावर पितृपाट लागला, आणि पितृपाटात नवीन काही काढत नसतात. दसऱ्याला काकाकडं सोयाबीनची रास होती, तिथं घरचं एक माणूस उभं पाहिजे. दिवाळीत डॉक्टर लोकच सुट्टीवर. दिवाळीनंतर मायच्या भाच्याचं लग्न. ह्यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. खोटं कारण पकडता येतं. खऱ्या कारणाशी भांडायचं कसं? आपलं पंचांग आणि आपली शेती मिळून वर्षाचा एकही दिवस मोकळा सोडत नाहीत. ज्याला एखादं काम टाळायचंय त्याला मराठवाड्यात जन्म मिळाला की आणखी काही मागायची गरज नाही.

शेवटी मी फोनवर त्यांना माझं भाषणच दिलं, वर्गात देते तसं, सगळ्या मुद्द्यांसकट. त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाले, ‘बरोबर हाय तुझं. चांगलं बोलतीस. वेळ अमावस्या झाली की जाऊ.’ मला एवढा राग आला की मी फोन ठेवून दिला आणि समोरच्या भिंतीला दोन शब्द सुनावले.

वेळ अमावस्या म्हणजे आमच्या लातूरकडचा सगळ्यात मोठा सण. हदगाव-हिमायतनगरच्या बाजूला त्याचं एवढं कौतुक नाही, पण किल्लारीकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो, आणि सगळं गाव शेतात जेवायला जातं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात. आंबिलीचं मडकं, भाज्या-शेंगांची भज्जी, खीर, रोट्या, सगळं घरून न्यावं लागतं. आमच्या घरी ते काकाच्या जीपमधून जातं, आणि त्या दिवशी जीप चालवायचा मान अण्णांचा. काका स्वतः उत्तम चालवतो. पण थोरला भाऊ ड्रायव्हर असताना त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावणं त्याला बरं दिसत नाही. चावी हातात देताना तो दरवर्षी अण्णांच्या पाया पडतो आणि अण्णा दरवर्षी म्हणतात, ‘पुरे की.’

त्या वर्षीही तसंच झालं. सकाळची उन्हं अंगणात आली होती. गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं असल्यामुळं दारासमोरचा रस्ता सरळ आणि रुंद आहे. त्यावरून एकेक गाडी, ट्रॅक्टर शेताकडं चालले होते. काकू आंबिलीचं मडकं मांडीत धरून बसली, माय खिरीचं पातेलं घेऊन बसली. मागं चुलत भावंडांची पोरं दाटीवाटीनं, एक दुसऱ्याच्या अंगावर. मी त्यांना आवरत मागच्या दाराशी. काका अण्णांच्या शेजारी. अण्णांनी इंजिन सुरू केलं.

आणि गाडी निघेना.

इंजिन चालू होतं, अण्णांचा हात गिअरवर होता. ते समोर बघत होते. मग त्यांनी आरशातून नव्हे, तर मान पूर्ण वळवून प्रत्यक्ष मागं, आम्हा सगळ्यांकडं बघितलं. पोरांकडं जरा जास्त वेळ बघितलं. काका म्हणाला, ‘अण्णा, निघायचं का? उन्हं वर आली.’

अण्णांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चावी काकापुढं धरली. ‘तू चालव.’

‘का हो? काय झालं?’

‘डाव्या अंगाचं मला दिसत न्हाई,’ अण्णा म्हणाले. ‘लई दिवस झाले.’

काकाला आधी ती थट्टा वाटली. तो हसला. अण्णा हसले नाहीत. शेजारच्या घरातली माणसंही आपल्या ट्रॅक्टरवर बसायची थांबून आमच्याकडं बघू लागली. त्या गावात अण्णांची ओळख एकच होती. गाडीवर एक ओरखडा न येता सगळी नोकरी काढलेला ड्रायव्हर. भावकीत कुणाला जीप घ्यायची असली, पोराला ड्रायव्हिंग शिकवायचं असलं, तर आधी नांदेडला अण्णांना फोन. त्या सगळ्यांच्या देखत ते खाली उभे होते.

‘गेल्या साली ह्याच सणाला समजलं मला,’ ते पुढं म्हणाले. ‘कारखान्याच्या रोडला उसाची गाडी डावीकडून आली. बैल पार बोनेटपाशी आला तवा दिसला. तुमाला कोणाला कळलं न्हाई, तुमी आपले हसत होता. म्या कळू दिलं न्हाई.’ मग त्यांनी पोरांकडं हात केला. ‘आता माणसं बसलीत गाडीत. म्हणून सांगायलो.’

काकूनं मडक्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. माय तेवढी सरळ समोर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला सगळं आधीच माहीत होतं, आणि तरीही. काकानं चावी घेतली. घेताना तो नेहमीसारखा अण्णांच्या पाया पडला. अण्णा मागं येऊन माझ्याजवळ बसले आणि एका पोराला मांडीवर घेतलं.

आपल्या माणसाचा अभिमान वाटण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात आले आहेत. पण त्या जीपमध्ये, गुडघ्याला गुडघा लागून बसलेल्या अण्णांबद्दल जे वाटलं त्याच्या जवळपास जाणारं काही मला आठवत नाही. एवढे महिने मी त्यांच्यावर चिडत होते, त्यांना धक्का मारत होते. त्यांनी मात्र स्वतःच, सगळ्यांत अवघड ठिकाणी, भर रस्त्यात, स्वतःच्या तोंडानं ते सांगून टाकलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर बाया कोपीजवळ गप्पा मारत बसल्या, पोरं हरभऱ्यात घुसली. सकाळी जे झालं त्यामुळं सगळे अण्णांशी फार जपून वागत होते. कुणी पाण्याचा तांब्या हातात देई, कुणी हात धरून बांधावरून न्यायला बघे. अण्णा वैतागले. ‘आंधळा न्हाई झालो अजून,’ असं म्हणून ते उठले आणि बोरीखाली जाऊन बसले. मी त्यांच्यामागं गेले. बसताना आपसूक त्यांच्या डाव्या बाजूला बसले, मग उठून उजव्या बाजूला आले. त्यांच्या ते लक्षात आलं. ते जरा हसले.

‘एवढे दिवस का नाही गेलात?’ मी विचारलं. ‘भीती वाटत होती?’

‘डॉक्टरची?’ त्यांनी एक बोर उचलून धोतराच्या सोग्याला पुसलं. ‘डॉक्टरला काय भ्यायचं. सुई टोचंल, लई झालं तर कापंल.’ मग ते बोर तसंच हातात धरून म्हणाले, ‘बाई, दवाखान्यात जाईपर्यंत म्या ड्रायव्हर होतो. जायचं, आन् डॉक्टरनं म्हणायचं, आता गाडीला हात लावू नका. त्याच्यानंतर म्या कोण? म्हणून म्हणलं, एवढा पोळा ड्रायव्हर राहून करू. एवढी दिवाळी करू.’

बोलण्यासारखं सगळं मी फोनवर आधीच बोलून बसले होते, आणि त्या सगळ्यात हे एक कारण नव्हतं. पंचांगातली आणि शेतीतली कारणं मी ऐकत आले होते. ती सगळी खरी होती. हे त्यांच्या खाली दडलेलं होतं आणि ते सगळ्यांहून खरं होतं. तेव्हापासून कुणी एखादं काम सारखं पुढं ढकलत असेल तर मी त्याला ‘केव्हा करणार’ असं विचारत नाही. ते काम झाल्यावर तुझ्याकडचं काय जाणार आहे, असं विचारते. काही मुलं हा प्रश्न ऐकून रडतात.

‘मग आज का सांगितलंत?’ मी विचारलं.

‘ड्रायव्हर होतो म्हणून,’ ते म्हणाले, जणू ह्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसले होते. मायसुद्धा पिशवी घेऊन तयार. काकानं आम्हा तिघांना गावाहून जीपनं लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोडलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींच्या वयाची. तपासण्या बऱ्याच झाल्या. एका यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं आणि कडेला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं, अशी एक होती. मी पडद्याबाहेर उभी होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज बराच नियमित येत होता. मग डाव्या डोळ्याची पाळी आली. एकदा टक झालं. त्यानंतर एवढा वेळ काहीच ऐकू आलं नाही की तपासणी संपली असं वाटून मायनं पिशवी उचलली. ‘अजून चालू आहे,’ आतून तिथल्या बाईंचा आवाज आला. मायनं पिशवी परत खाली ठेवली आणि माझा हात धरला.

काचबिंदूच होता. डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेलेली आहे आणि ती परत येणार नाही. उजव्याला नुकती सुरुवात आहे. आहे ती नजर राखायची असेल तर औषधाचे थेंब रोज टाकावे लागतील, जन्मभर, एकही दिवस न चुकता. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून पुष्कळ लोक चार महिन्यांत थेंब सोडून देतात, असंही ती म्हणाली. मग तिनं विचारलं, ‘काका, त्रास तर बऱ्याच दिवसांचा दिसतोय. आधी का नाही आलात?’

मला वाटलं, आता पोळा येणार, पितृपाट येणार, सोयाबीनची रास येणार. मी सावरून घ्यायला तोंड उघडलंच होतं.

‘टाळलं,’ अण्णा म्हणाले.

एवढंच. डॉक्टर पेनची टोपी लावता लावता थांबली. दिवसभर लोकांची कारणं ऐकणाऱ्या त्या मुलीला बहुधा ह्या एका शब्दाची सवय नव्हती. तिनं मान हलवली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, ‘आलात हे चांगलं केलंत.’

मी सुट्टी वाढवून त्यांच्याबरोबर नांदेडला निघाले. बसमध्ये तिघांच्या बाकावर जागा मिळाली. मी खिडकीशी, मध्ये अण्णा, कडेला माय. गाडी लातूरच्या बाहेर पडली तशी माय स्वतःशीच हसू लागली. ‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काय न्हाई,’ ती म्हणाली. ‘लगीन झाल्यापासून ह्यांच्या गाडीत बसायले. शेजारी आज पैल्यांदा बसले.’

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. तिला बघायला त्यांना मान वळवावी लागत नव्हती, ती उजवीकडं होती. मग ते माझ्याकडं न वळताच मला म्हणाले, ‘बाई, तू डावीकडं हाईस. तिकडलं काय दिसंल ते सांगत जा. सवय लावून घेतो.’

मग मी सांगू लागले. उसाची ट्रॉली चाललीय, वर दोन माणसं बसलीत. विहिरीवर बाई कपडे धुतेय. तूर वाळलीय. अहमदपूर आलं, गेलं. अण्णा मध्ये मध्ये विचारायचे, तूर शेंगांनी भरलीय का, ट्रॉलीला मागं लाल कपडा बांधलाय का. नसला की ड्रायव्हरला नावं ठेवायचे.

लोह्याला गाडी थांबली तेव्हा दिवस मावळला होता. अण्णा मायला म्हणाले, ‘थेंब काढ.’

‘घर यायलंय की आता,’ माय म्हणाली. ‘घरी जाऊन निवांत टाकू. इथं धुरळ्यात कुठं?’

‘डॉक्टरनं संध्याकाळी म्हणलंय. घरी न्हाई. आत्ता.’

माणसं चढत-उतरत होती, शेंगदाणेवाला ओरडत होता. मायनं पदरानं आधी आपले हात पुसले, मग अण्णांचं तोंड. त्यांनी मान मागं टाकली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात गेला. नंतर उजवा डोळा. थोडा वेळ दोन्ही डोळे मिटून ठेवा असं डॉक्टरनं सांगितलं होतं. अण्णांनी डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवून बसले. गाडी निघाली. त्यांना आराम पडावा म्हणून मी बोलायची थांबले.

‘का गं?’ ते म्हणाले. ‘आता तर दोन्हीकडलं पाहिजे.’

डावीकडचं मी सांगू लागले. उजवीकडचं माय.